बेअरफूट शूज घालून ओझ्यासह डोंगर चालावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते चाळिशीतले आहेत. गेली दहा-बारा वर्षे ते घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे हायकिंग बूट घालून डोंगर चालतात. लांब उतारावर त्यांचे गुडघे दुखतात आणि करंगळीला वारंवार फोड येतात. बेअरफूट शूज, म्हणजे अनवाणी चालल्यासारखे वाटावे असे पातळ, लवचीक तळाचे बूट, वापरल्यास या दोन्ही तक्रारी जातात असे त्यांच्या ऐकण्यात आले आहे. सहा आठवड्यांनी त्यांना पाच दिवसांची पदभ्रमंती करायची आहे, पाठीवर साधारण बारा किलो ओझे असेल, आणि त्यासाठी असे बूट घ्यावेत का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागाहून देतो. बूट आजच घ्यायला हरकत नाही, परंतु या पदभ्रमंतीला ते घालून जाऊ नका. सहा आठवड्यांत तळव्याची कातडी तयार होईल, पोटऱ्याही बऱ्यापैकी तयार होतील, पण पायाची हाडे तयार होणार नाहीत, आणि बारा किलो ओझे घेऊन पाच दिवस सलग चढउतार करताना कसोटी हाडांचीच लागते. मी गेली चौदा वर्षे पातळ तळाच्या बुटांनी डोंगर चालतो आणि त्यांतली शेवटची आठ-नऊ वर्षे इतरांकडून हा बदल करवून घेतो. या काळात ज्यांचे पाय दुखावलेले पाहिले, त्यांतल्या बहुतेकांची बुटाची निवड ठीक होती, घाई मात्र नडली होती. त्यांत मी स्वतःही होतो; ते पुढे येईलच.

बेअरफूट शूज कशाला म्हणायचे याबद्दल बराच गोंधळ आहे, तो आधी दूर करायला हवा. २०१५ मध्ये ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून अशा बुटाची, त्यांच्या भाषेत ‘मिनिमलिस्ट’ बुटाची, व्याख्या ठरवली आणि एखादा बूट त्या व्याख्येच्या किती जवळ जातो हे मोजण्यासाठी एक निर्देशांक तयार केला. त्यात पाच गोष्टींना सारखेच वजन दिले आहे: बूट किती हलका आहे, तळ किती जाड आहे, टाच आणि चवडा यांच्या उंचीत किती फरक आहे, बूट किती सहज वाकतो व पिळला जातो, आणि पाऊल आत-बाहेर कलू नये म्हणून त्यात किती आधार बसवलेले आहेत. दुकानात ‘झीरो ड्रॉप’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक बुटांत टाच आणि चवडा एका पातळीवर असतात हे खरे, पण दोन्हींखाली पंचवीस-तीस मिलिमीटर मऊ फोम असतो. ते बूट वाईट नाहीत, अनेकांना मधल्या पायरीसाठी ते उपयोगी पडतात. मात्र त्यांतून जमीन कळत नाही, आणि जमीन कळणे हाच तर या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे. डोंगरासाठी मी सहा ते दहा मिलिमीटर जाडीचा तळ, त्याखाली तीन-चार मिलिमीटर उंचीचे खाचदार दाते आणि बोटे मोकळी पसरतील इतका रुंद पुढचा भाग, एवढेच पाहतो.

पातळ तळ म्हणजे पकड कमी, अशी समजूत सर्रास आढळते. पकड रबराच्या जातीवर आणि दात्यांवर ठरते, तळाच्या जाडीवर नाही. डोंगरी बुटांना आज जो खाचदार रबरी तळ सगळीकडे दिसतो, तो इटलीच्या व्हिताले ब्रामानी यांनी आणला. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्यांच्या चमूतले सहा जण मृत्युमुखी पडले, आणि त्या दुर्घटनेतून, खिळे ठोकलेल्या चामडी बुटांना पर्याय म्हणून, १९३७ मध्ये हा तळ तयार झाला. त्यांच्याच नावावरून व्हायब्रॅम ही कंपनी उभी राहिली आणि पुढे पाच बोटांचे, म्हणजे हातमोज्यासारखा प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले, ते प्रसिद्ध पातळ बूट काढणारी कंपनीही तीच. दाते आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एकाच कंपनीच्या दोन उत्पादनांकडे पाहिले तरी ध्यानात येईल.

आता गुडघ्यांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा रोख तिकडे आहे. जाड टाचेच्या बुटात माणूस उतारावर पाय लांब पुढे टाकतो, गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि टाच आपटते. टाचेखाली भरपूर गादी असल्यामुळे तो दणका तळव्याला जाणवत नाही, पण तो वर जातो आणि शेवटी मांडीच्या पुढच्या स्नायूंना व गुडघ्याच्या वाटीला तो सोसावा लागतो. पातळ तळाच्या बुटात असे पाऊल टाकले तर पहिल्या दहा पावलांतच टाच दुखते. त्यामुळे पाऊल आपोआप आखूड होते, शरीराच्या खाली पडू लागते, गुडघा वाकलेला राहतो आणि गुडघ्यावरचा ताण बराचसा कमी होतो. इथपर्यंत तुम्ही ऐकलेले बरोबर आहे. परंतु गुडघ्यावरून कमी झालेला ताण नाहीसा होत नाही, तो खाली सरकतो. पोटरी, टाचेला पोटरीशी जोडणारी ॲकिलीस कंडरा, तळव्याची कमान ताणून धरणारा पट्टा आणि बोटांच्या मागची पाच लांब हाडे हे काम आता उचलतात. दहा-बारा वर्षे कडक बुटात ज्यांनी हे काम केलेले नाही, त्यांच्याकडून ते एकाएकी पाच दिवस करून घेणे धोक्याचे आहे.

प्रत्येक अवयवाची तयार होण्याची गती वेगळी असते, आणि फसगत नेमकी तिथे होते. कातडी दोन-तीन आठवड्यांत जाड होते. स्नायू दीड-दोन महिन्यांत जोर धरतात. २०२१ मध्ये लिव्हरपूल इथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, सहा महिने रोजच्या वापरात पातळ बूट घातलेल्या लोकांच्या पायाची ताकद सरासरी ५७ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे आढळले. त्यासाठी वेगळा व्यायाम नव्हता, फक्त रोजचे चालणे-फिरणे होते. कंडरा याहून सावकाश बदलते. हाडाचे गणित तर आणखी निराळे आहे. नवा ताण आला की हाड आधी जुना भाग काढून टाकते आणि मग तिथे नवा भरते. या चक्राला सुमारे तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काही आठवड्यांत ते हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असते. म्हणजे पोटऱ्या दुखायच्या थांबलेल्या असतात, पावले हलकी पडू लागलेली असतात, उत्साह वाढलेला असतो, आणि हाड मात्र नेमके त्याच वेळी सर्वांत नाजूक असते.

हे अनुमान मी मनाने काढलेले नाही. २०१३ मध्ये ३६ अनुभवी धावपटूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १९ जणांनी दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळायचे होते. दहा आठवड्यांनी एमआरआय काढला तेव्हा त्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या किमान एका हाडात आतली सूज वाढलेली दिसली. धावण्याचा दणका चालण्यापेक्षा बराच मोठा असतो, हे मान्य. पण बारा किलो ओझ्यासह दगडी पायऱ्या तासन्‌तास उतरणे साध्या चालण्यापेक्षा पुष्कळ भारी पडते, आणि त्यात पावलांची संख्या प्रचंड असते.

माझा स्वतःचा अनुभव असाच आहे. पातळ बूट सुरू करून चौथा महिना होता आणि मी चार दिवसांच्या वाटेवर दहा किलो ओझे घेऊन निघालो. पहिले दोन दिवस इतके छान गेले की आपण तयार झालो अशी माझी खात्री पटली. तिसऱ्या दिवशी दुपारी, कठीण खडकाळ उतारावर, उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटामागे एक बारीक ठणका सुरू झाला. बसलो की तो थांबायचा आणि उठलो की दहा मिनिटांत परत यायचा. मी तो स्नायूचा मानला आणि चालत राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी पावलाची वरची बाजू सुजलेली होती, आणि त्या हाडावर अंगठ्याचे टोक टेकवले तेव्हा रुपयाएवढ्या जागेत अशी कळ आली की पाय आपोआप मागे ओढला गेला. हाडाला ताणाने तडा गेला होता. सहा आठवडे कडक बुटात पाय ठेवावा लागला आणि पूर्ववत चालायला चार महिने लागले. त्या दिवशीच्या पहिल्या ठणक्याला मी बूट बदलले असते, तर बहुधा दोन आठवड्यांत निभावले असते.

म्हणून मी प्रत्येकाला एक सवय लावतो. रोज सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, पावलाच्या वरच्या बाजूने बोटांमागच्या पाचही लांब हाडांवर अंगठ्याने एकेक बोटभर अंतर सोडत दाबत जा. सगळीकडे सारखेच जड-जड वाटले तर तो स्नायूंचा थकवा आहे, चालू द्या. एकाच ठिकाणी टोचल्यासारखी कळ आली, विशेषतः दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडावर, तर त्या दिवसापासून पातळ बूट बंद करा. आठवडाभरात कळ गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. हाडाचा असा तडा पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे चालू असल्यास निश्चिंत राहू नका.

आता वेळापत्रक. यात माझा एकच नियम आहे: वेळ, जमीन, उतार आणि ओझे या चार गोष्टींपैकी एका वेळी एकच वाढवायची, आणि याच क्रमाने वाढवायची. पहिले तीन आठवडे हे बूट फक्त रोजच्या वावरात घाला आणि दिवसातून वीस-तीस मिनिटे सपाटीवर चाला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत निम्मा दिवस ते पायात राहतील इथवर या. मग आठवड्यातून एकदा मातीची वाट, आधी तासभर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अर्ध्या दिवसाचा डोंगर करता येतो, पण त्यासाठी माझ्याकडे एक युक्ती आहे आणि ती मी कुणालाही सोडू देत नाही. चढताना पातळ बूट घाला, जुने बूट सॅकमध्ये ठेवा आणि उतरताना बदला. चढताना दणका कमी असतो, पोटरीला व बोटांना भरपूर काम मिळते आणि पाऊल ठेवण्याची जागा डोळ्यांसमोर असते. शिकण्यासाठी चढ हीच उत्तम जागा. उतार पाचव्या-सहाव्या महिन्यात, रिकाम्या पाठीने. त्यानंतर तीन-चार किलो ओझे, आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्यात एक-दोन किलोंची भर. पूर्ण बारा किलो ओझ्यासह अनेक दिवसांची वाट करायला साधारण वर्ष लागते, असे धरून चाला. कुणाला आठ महिने पुरतात, कुणाला दीड वर्ष लागते.

व्यायामांची मोठी यादी मी देत नाही, कारण रोजचे चालणे हाच मुख्य व्यायाम आहे. दोन गोष्टी मात्र कराव्यात. एका पायावर उभे राहून, गुडघा सरळ ठेवून, टाच पूर्ण उचलायची आणि सावकाश टेकवायची; असे सलग २५ वेळा दोन्ही पायांवर जमेपर्यंत लांब उतारावर जाऊ नका. दुसरे म्हणजे अनवाणी उभे राहून बाकीची चार बोटे जमिनीला टेकलेली ठेवून फक्त अंगठा उचलणे, आणि मग याच्या उलट करणे. अनेक वर्षे निमुळत्या बुटात राहिलेल्या पायाला पहिल्या दिवशी हे अजिबात जमत नाही, मेंदूचा निरोप त्या बोटांपर्यंत पोचतच नाही असे वाटते. दोन-तीन आठवड्यांत जमू लागते, आणि त्यानंतर निसरड्या जागी अंगठा जमीन कशी धरतो ते तुम्हाला स्वतःला कळेल.

चालण्याच्या पद्धतीबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. अनवाणी चालणारा माणूस चवड्यावर पाय टाकतो, असे पुष्कळ जण समजतात आणि बेअरफूट शूज घातले की नर्तकासारखे चवड्यावर चालू लागतात. ही गोष्ट धावण्याबद्दलची आहे. संशोधक डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा २०१० मधला अभ्यास बहुतेकांनी ऐकलेला असतो, तो अनवाणी धावणाऱ्यांवरचा होता. चालताना, अगदी अनवाणी असतानाही, माणसाची टाचच आधी टेकते आणि त्यात काही चूक नाही. फरक इतकाच की ती आपटत नाही, अलगद टेकते. सपाटीवर मुद्दाम चवड्यावर चालल्याने पोटरी आणि ॲकिलीस कंडरा यांना विनाकारण दुखापत होते. चढावर चवडा आधी टेकतो, तो आपोआप. तीव्र उतारावर सबंध पाऊल सपाट ठेवायचे असते.

उतारावरचे ते सपाट पाऊल जवळून पाहण्यासारखे आहे. कठीण जमिनीवर सुटे बारीक खडे पसरले आहेत अशी उतरण डोळ्यांसमोर आणा. सरावलेला माणूस पाय पुढे नेतो, तो शरीराच्या फार पुढे जात नाही, आणि तो खाली ठेवतो, पण त्यावर लगेच भार देत नाही. त्या अर्ध्या क्षणात तळव्याला कळते की खाली तीन खडे आहेत, एक मोठा आहे आणि तो कमानीखाली येतो आहे. मग पाऊल किंचित फिरते, गुडघा थोडा अधिक वाकतो आणि भार चवड्याच्या बाहेरच्या कडेवर उतरतो. यातले काहीही ठरवून होत नाही. मात्र ते होण्यासाठी पाऊल सैल असावे लागते. टोकदार दगड पायाखाली आला की नवखा माणूस पाय ताठ करतो, आणि ताठ पायाला दगड दुप्पट टोचतो. पाऊल ढिले सोडले तर ते दगडाभोवती वळते. तुमच्या पावलांचा आवाज ऐकत चला. थप-थप असा आवाज येऊ लागला म्हणजे पाय थकले आहेत आणि ताठ पडत आहेत. अशा वेळी वेग कमी करावा किंवा बूट बदलावेत. बोटे ठेचकाळतात ती याच शेवटच्या दीड-दोन तासांत, कारण थकलेला माणूस पाय पुरेसा उचलत नाही.

घोटा मुरगळण्याची भीती रास्त आहे, पण उंच बूट घोटा वाचवतात ही समजूत वाटते तितकी भक्कम नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयात बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ जणांना उंच आणि बुटक्या कॉलरचे बूट वाटून दिले होते, आणि घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. मैदान आणि डोंगर सारखे नाहीत, त्यामुळे यावरून मी फार मोठा निष्कर्ष काढत नाही. तरीही एवढे नक्की की तळ जितका उंच, तितके पाऊल कलल्यावर घोट्याला बसणारे हिसडे मोठे असतात. पातळ तळात पाय जमिनीलगत असतो आणि कलू लागल्याचे लवकर कळते. ज्यांचा घोटा पूर्वी अनेकदा मुरगळला आहे, त्यांनी मात्र आधी एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा आणि मगच खडकाळ वाटेवर जावे.

वजनाचा फायदा खरा आहे आणि तो मोजलेला आहे. पायात असलेल्या वजनाला पाठीवरच्या तितक्याच वजनाच्या तुलनेत चार ते सहा पट शक्ती लागते, असे १९६९ पासूनच्या प्रयोगांतून दिसून आले आहे. बुटांचा जोड सातशे ग्रॅमने हलका झाला तर पाठीवरून तीन-चार किलो उतरवल्यासारखे होते. १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूड यांनी अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरांहून लांब अशी अपलाचियन वाट साध्या कॅनव्हासच्या बुटांनी एकट्याने पूर्ण केली. पातळ बुटांचे समर्थक हे उदाहरण नेहमी देतात, पण गेटवूड यांच्या खांद्यावर स्वतः शिवलेली एकच पिशवी होती आणि तिचे वजन दहा किलोंहून कमी होते, ही गोष्ट सांगायची राहून जाते. त्यांचे आयुष्य शेतावर कष्ट करण्यात गेले होते, हेही राहून जाते. बूट हलके करायचे असतील तर ओझेही हलके करावे, आणि मी या क्रमालाच महत्त्व देतो: आधी ओझे, मग बूट.

काही जागी मी पातळ बूट घालत नाही आणि घालू देत नाही. जिथे बर्फावर क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे अणकुचीदार दाते, लावावे लागतात तिथे कडक तळच हवा, लवचीक बुटावर क्रॅम्पॉन टिकत नाहीत. धारदार दगडांचा लांबच लांब घसारा, दाट काट्यांचा भाग, अनोळखी वाटेवरची रात्रीची चाल आणि वीस किलोंच्या घरातले ओझे यांसाठीही मी जाड तळाचे बूट काढतो. थंडीत चालत असेपर्यंत पाय उबदार राहतात, पण थांबल्यावर पातळ तळातून उष्णता झपाट्याने जमिनीत जाते, म्हणून थांब्यावर पायाखाली ठेवायला मॅटचा एक तुकडा सोबत असावा. ओल्यात हे बूट चटकन भिजतात आणि चटकन वाळतातही. लोकरीचे पातळ मोजे आणि झोपताना पाय पूर्ण कोरडे करणे, एवढे पुरते.

काही माणसांनी तर या वाटेला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊच नये. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्यांना काटा रुतलेला कळणार नाही, आणि या बुटांचा सारा आधार संवेदनेवरच आहे. अंगठ्याचा सांधा ज्यांचा आखडला आहे, त्यांना वाकणारा तळ त्रासच देतो. त्यांना कडक तळ बरा. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, हाडाला नुकताच तडा गेलेल्यांनी आणि सध्या टाच दुखत असलेल्यांनी आधी ते दुखणे पूर्ण बरे करावे. पातळ बूट हे त्या दुखण्यावरचे औषध आहे असे दावे मी ऐकतो तेव्हा मला वाईट वाटते. आरोग्यविषयक अशाच दाव्यांवरून अमेरिकेत व्हायब्रॅमवर ग्राहकांनी खटला भरला होता, आणि २०१४ मध्ये कंपनीने ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली.

करंगळीच्या फोडांचा तळाच्या जाडीशी जवळजवळ संबंध नाही; ते बहुधा निमुळत्या पुढच्या भागामुळे येतात. संध्याकाळी, पाय दिवसभराच्या वापराने पसरलेले असताना, कागदावर अनवाणी उभे राहा आणि कुणाला तरी पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा. बुटातला सुटा तळ काढून त्या आकृतीवर ठेवा. करंगळीकडची रेघ तळाच्या बाहेर डोकावत असेल तर फोडाचे कारण सापडले. हे तुम्ही आजच करून पाहा, कारण त्यावर सहा आठवड्यांत उपाय करता येतो: नेहमीच्या जाडीचा, पण पुढून रुंद असा बूट आता घेऊन तो सरावाने पायाला बसवता येईल. नवा बूट नको असेल तर लेस ओवताना सर्वांत पुढच्या भोकांची जोडी मोकळी सोडा, पुढचा भाग बराच सैल होतो. उतारावर पाऊल पुढे सरकू नये म्हणून घोट्याजवळ लेस मात्र घट्ट बांधा.

गुडघ्यांसाठीही पातळ बुटाची वाट पाहण्याची गरज नाही. आखूड पाऊल, वाकलेला गुडघा आणि शरीराखाली पडणारा पाय हे जाड बुटातही जमते. फक्त ते तळवा शिकवत नाही, लक्ष देऊन करावे लागते. या सहा आठवड्यांत दर आठवड्याला एक उतरण फक्त एवढ्याच गोष्टीकडे लक्ष देऊन करा आणि दोन्ही हातांत काठ्या घ्या. नवे पातळ बूट तोवर घरात आणि सपाटीवर, पहिल्या तीन आठवड्यांच्या नियमाने वापरा. पदभ्रमंतीला ते सॅकमध्ये ठेवा; वजन फार नाही. मुक्कामी पोचल्यावर, दिवसभराचे बूट काढून ते घाला आणि अर्धा तास मुक्कामाच्या आसपास सावकाश फिरा, थकलेल्या बोटांना पसरायला जागा मिळेल. परतल्यावर दोन आठवडे पाय नेहमीच्या कामावर राहू द्या, रोज सकाळी ती पाच हाडे दाबून पाहा, आणि कुठेही कळ नसेल तर वेळापत्रक जिथे थांबले होते त्याच्या एक पायरी मागून पुन्हा सुरू करा.